नऊ महिने पायथन वापरल्यावर: घट चोख, छपाई तापदायक

हुपरीला दाजींचा चांदीच्या पैंजणांचा कारखाना आहे. तिथल्या घटीचा, म्हणजे कामात कमी होणाऱ्या चांदीचा, हिशेब ठेवण्यासाठी नऊ महिन्यांपूर्वी मी कोल्हापुरातून पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे लहानसा प्रोग्रॅम, लिहून दिली, कारण तयार सॉफ्टवेअरची दरवर्षीची वर्गणी भरणे दाजींच्या आणि माझ्याही स्वभावात बसत नाही. आठ महिने विनातक्रार गेले. मग जोडीमागे धरलेली घट आम्ही घुंगरामागे धरू लागलो. एका घुंगराच्या झाळकामाला (डाग देऊन जोडण्याला) ४० मिलिग्रॅम, म्हणजे ०.००००४ किलो, आणि हा आकडा पावतीवर '४ई-०५' असा छापून आला. दिवाणजींनी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला आणि म्हणाले, "चार वजा पाच? म्हणजे उलट आपलंच येणं निघतंय की!"

संगणकात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, ही तक्रार सर्वांना पाठ आहे, त्यामुळे ती इथे उगाळत नाही. माझा राग या 'ई'वर आहे. आकडा ०.०००१ च्या खाली गेला की पायथन न विचारता दहाच्या घातांकाची लिपी सुरू करतो; '४ई-०५' म्हणजे ४ भागिले १० चा ५ वा घात. ऑक या दुसऱ्या भाषेत करून पाहिले, तिथेही तेच. चिडून पावतीचा भाग जावास्क्रिप्ट या तिसऱ्या भाषेत हलवला. तिथे ०.००००४ सरळ छापला जातो, पण ०.०००००१ च्या खाली तीही 'ई'वर येते. त्याहून भयंकर म्हणजे, ०.०००००५ ठीक असताना ०.००००००५ हा आकडा पार्सइंट या पूर्णांक काढणाऱ्या फंक्शनला दिला, तर उत्तर शून्य न येता ५ येते, कारण ते फंक्शन आधी आकड्याचा '५ई-७' असा मजकूर करते आणि 'ई'पाशी वाचणे थांबवते. चांदीच्या व्यवहारात असला विनोद परवडत नाही, म्हणून दोन दिवसांत मुकाट्याने पायथनकडे परतलो.

इथे माझे मतही थोडे बदलले. आतला आकडा बिघडलेला नव्हताच. दशांश बिंदूनंतर कितीही शून्ये असोत, त्यापुढचे सुमारे १५ अर्थपूर्ण अंक संगणक आकड्याला देतो त्या ६४ बिटांच्या जागेत नीट राहतात, आणि साधारण २.२ भागिले १० चा ३०८ वा घात इतक्या लहान आकड्यापर्यंत ही अचूकता टिकते. लहान आकडा हरवतो तो मोठ्याच्या संगतीत: १ मध्ये १० चा उणे १६ वा घात मिळवला, तर बेरीज १ च राहते. आमच्या घटीला तेवढी बारकाई लागत नाही. पायथनचे दशांश हिशेबासाठीचे डेसिमल मॉड्यूलही वापरून पाहिले. हिशेब चोख, पण ०.००००००१ लिहिले की तेही मोठ्या 'ई'सह छापते. दशांशस्थळे ठरवून छापणे हा उपाय आहे खरा, परंतु मी घाईत दोनच स्थळे ठेवली आणि सगळ्या पावत्यांवर घट ०.०० आली. कारागीर मात्र त्या दिवशी फार खूश होते.

शेवटी सगळी वजने पूर्णांक मिलिग्रॅममध्ये ठेवली. पायथनचे पूर्णांक कितीही मोठे होऊ शकतात, त्यामुळे किलोंचे मिलिग्रॅम करण्यात अडचण नाही. पावतीवर आता साधे '४०' येते. त्या महिन्याच्या पावत्या पुन्हा छापण्याचा कागदखर्च दाजींनी माझ्या नावावर लिहिला आहे.