टोस्ट स्कागेन घरी करताना: सोललेली कोळंबी घ्यावी की सालासकट?

स्वीडनमध्ये जेवणाआधी काही थंड, मलईदार द्यायचं म्हटलं की टोस्ट स्कागेन आठवतंच. तोरे व्रेटमन या नामांकित स्वीडिश शेफने १९५०च्या दशकात ते लोकप्रिय केलं. नाव मात्र डेन्मार्कच्या उत्तर टोकावरच्या स्कागेन गावाचं. बटरमध्ये परतलेला पाव, त्यावर मेयोनेझ आणि शेपूत कालवलेली कोळंबी, वर माशाची अंडी. जिन्नस इतके मोजके की एकही लपत नाही, आणि सगळ्यात कमी लपते ती कोळंबी.

तिथल्या दुकानात ती दोन प्रकारे मिळते: मिठाच्या पाण्यात ठेवलेली सोललेली, नाहीतर सालासकट. दोन्ही आधीच उकडलेल्या असतात, त्यामुळे पुन्हा गॅसवर चढवायच्या नाहीत. चढवल्या की चिवट होतात. पाण्यातली सोयीची खरी, पण तिची गोडी त्या पाण्यातच उतरलेली असते. चाळणीत नीट निथळून, कागदात दाबून कोरडी करा. नाहीतर अर्ध्या तासात मिश्रणाला पाणी सुटतं आणि पाव भिजतो. वरून मीठ अजिबात नको.

सालासकट कोळंबीला वेळ लागतो. फ्रोझन असेल तर रात्रभर फ्रीजमध्येच सुटू द्या, गरम पाण्यात टाकू नका. डोकं पिळून काढायचं, पाय धरून साल उलगडायचं, शेपटी हलकेच ओढायची. एक किलोतून साधारण ३५० ग्रॅम गर निघतो, तो चौघांना पुरतो. सालं फ्रीजरमध्ये ठेवा, सूपला उत्तम. चौघांसाठी करायचं असेल तर मी डोळे मिटून हीच घ्यायला सांगेन. तो ओलसर गोडवा पाण्यातल्या कोळंबीला येतच नाही. वीस माणसं असतील तर मात्र सोललेलीच आणा.

मेयोनेझ नुसतं की त्यात क्रेम फ्रेश (किंचित आंबट, दाट साय) मिसळून? गरम, बटर लागलेल्या पावावर मला नुसतं मेयोनेझच आवडतं, सोबत लिंबू पिळलेलं. हेच मिश्रण भाजलेल्या बटाट्यावर घालायचं असेल (स्वीडनमध्ये दुपारी असं सर्रास खातात) तर निम्मं क्रेम फ्रेश घाला, आंबटपणा हवासा वाटतो. मेयोनेझ कोळंबीला जेमतेम लपेटेल इतकंच. कांदा घालायचा तर अगदी बारीक आणि थोडा.

वरच्या अंड्यांत उत्तर स्वीडनमधल्या कालिक्सची लोयरोम (एका छोट्या माशाची अंडी) सर्वात नाजूक. स्वीडन आणि फिनलंडमधल्या बोथनियाच्या आखाताच्या उत्तरेकडची ही नारिंगी अंडी महाग असतात. बाटलीतली काळी किंवा लाल अंडी स्वस्त, पण त्यांचा रंग मेयोनेझमध्ये उतरतो, म्हणून ती अगदी वाढताना ठेवा. पैसे मोजकेच असतील तर ते आधी कोळंबीवर घाला.

मुंबई-पुण्यात करायचं तर कोळंबी कच्ची मिळते. मोठी टायगर न घेता लहान घ्या, काळा दोरा काढा, मिठाच्या उकळत्या पाण्यात गुलाबी होऊन वळेपर्यंतच ठेवा आणि लगेच बर्फात टाका. भाजीच्या जुडीतला शेपू वासाला उग्र असतो. त्याचे फक्त कोवळे शेंडे चिरा, आणि कृतीत सांगितलेल्याच्या निम्मेच घाला.