संस्थेसाठी झुलिप की मॅट्रिक्स?

धरमपेठेतल्या एका स्वयंसेवी संस्थेला कामाचं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःच्या सर्व्हरवर आणायचंय. अडलंय ते झुलिप हे टीमच्या चॅटचं सॉफ्टवेअर घ्यावं, की मॅट्रिक्स या चॅटच्या खुल्या प्रणालीचं सिनॅप्स हे सर्व्हर-सॉफ्टवेअर, इथे.

दोन्ही ओपन सोर्स. छोट्या टीमच्या झुलिपला 2 जीबी रॅममध्ये भागवता येतं. सिनॅप्स इतर सर्व्हरवरच्या मोठ्या रूम्सना (चॅट-गटांना) जोडलं की रॅम आणि डेटाबेस दोन्ही फुगतात.

खरा फरक बोलण्याच्या रचनेत आहे. झुलिपच्या चॅनेलमध्ये संदेश विषयवार लागतात. गडचिरोलीत दोन दिवस रेंजबाहेर असलेला कार्यकर्ता परतल्यावर फक्त ‘औषधसाठा’ वाचून कामाला लागू शकतो. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

मात्र झुलिपचा मजकूर सर्व्हर सांभाळणाऱ्याला वाचता येतो. मॅट्रिक्समध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (संदेश फक्त बोलणाऱ्यांनाच वाचता येईल अशी कुलूपबंदी) चालू असेल तर तोही वाचू शकत नाही.

पीडितांची माहिती हाताळता, किंवा इतर संस्थांच्या सर्व्हरशी जोडून घ्यायचंय? मॅट्रिक्स घ्या. रोजच्या कामांच्या चर्चेसाठी झुलिप.