बुद्धिबळातल्या सिसिलियन ओपनिंगचा (डावाच्या सुरुवातीच्या चालींचा एक प्रकार) तिखट डाव अभ्यासायचा तर पट मांडून की थेट इंजिन, म्हणजे चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्राम, लावून?

दोन्ही प्रकार मी बरेच दिवस करून बघितलेत, म्हणून ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितोय. उदाहरण घेऊ १९७२ च्या रेक्याविकच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातला ११ वा डाव, पांढरा स्पास्की, काळा फिशर. सिसिलियनच्या नायडॉर्फ प्रकारातली पॉयझन्ड पॉन (विषारी प्यादं) लाइन, म्हणजे चालींचा ठरलेला क्रम; काळ्याचा वजीर बी२ वरचं प्यादं खातो आणि मग तिथून सुखरूप बाहेर यायचं कसं हाच सगळा डाव.

इंजिनने कुठं चुकलं ते लगेच कळतं, आणि असल्या ओपनिंगमध्ये एका चालीवर डाव फिरतो त्यामुळे शेवटी तपासून घ्यावंच लागतं. पटावर वेळ फार जातो. एखादी लाइन खेळून परत मूळ पोझिशन लावताना मी एकदा एक प्यादं चुकीच्या घरात ठेवलं आणि अर्धा तास भलत्याच पोझिशनवर डोकं लावत बसलो होतो.

तरी मला खरा त्रास झाला तो इंजिनच्या त्या बाजूच्या, कोण किती वरचढ ते दाखवणाऱ्या पट्टीचा. १४ व्या चालीला स्पास्की सी३ वरचा घोडा परत बी१ ला नेतो, म्हणजे बाहेर काढलेला घोडा पुन्हा घरी! स्क्रीनवर बघताना मी पट्टीकडे नजर टाकली आणि पुढे क्लिक केलं, बस. नंतर तोच डाव पुढच्या चाली कागदाने झाकून पटावर खेळलो तर ही चाल मला सुचलीच नाही, आणि उघडून बघितल्यावर वजिराची घरं बोटाने मोजत गेलो. ए३ वरून बी४ ला, तिथून ए३ च्या प्याद्याने हाकलला, बी६ वरून सी५ ने हाकलला, बी५ ला आला आणि २४ व्या चालीला ए४, वजीर गेला. ते बघून अंगावर काटा आला.

आणखी एक, काळ्याकडून खेळताना इंजिनवर ०.००, म्हणजे बरोबरी, दिसलं की हायसं वाटतं, पण ते शून्य कित्येकदा एकाच चालीवर टिकलेलं असतं. एका स्पर्धेत मी असाच हरलो, आकडा लक्षात होता, चाल नव्हती.

प्रत्येकाची पद्धत वेगळी, वेळ कमी असेल तर इंजिनही चालेल. पण निदान पट्टी बंद ठेवा, आणि जमलं तर आधी पटावर बसून आपल्याला वाटलेल्या चाली वहीत लिहा, मग इंजिन उघडा. मी आता तसंच करतो.