ऑडिओ बायबल अ‍ॅप, रात्री झोप येत नाही त्यांनी नक्की घ्या

केमो चालू होती तेव्हा अक्षरं डोळ्यासमोर नाचायची, वाचणं जमेना म्हणून हे अ‍ॅप घेतलं आणि खरं सांगते त्या रात्री याच्याच आधाराने निघाल्या. स्तोत्रं सगळी 150 आहेत, मी 88वं सारखं लावायचे, ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, म्हणजे देवापुढे नुसतं रडलं तरी चालतं हे तिथे कळलं. 2 करिंथ 12 मध्ये (बायबलमधलं करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय 12) प्रेषित पौल शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, निघावा म्हणून प्रभूला 3 वेळा विनवतो, काटा काही निघत नाही, कृपा पुरेशी आहे एवढंच उत्तर. ते ऐकताना सलाईनचा हात छातीशी धरून बसायचे. आवाज शांत, स्लीप टायमर पण आहे. फक्त अध्याय संपला की म्युझिक एकदम मोठ्याने वाजतं ते कमी करा प्लीज, नुकताच डोळा लागलेला असतो.