स्टीलचा निर्धूर बंब, 25 लिटर: पावसाळा आणि थंडी काढल्यावर

तोटी तुटली म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर बंबावर एवढं कोण लिहितं? बंब अजून चालू आहे, पाणी झकास तापतं, जळण खरोखर कमी लागतं. पण ती तोटी! तिच्यावर मी बरंच लिहिणार आहे, ज्यांना फक्त जळणाचे आकडे हवेत त्यांनी तेवढे वाचून पुढे जावं.

बंब न गंजणाऱ्या 304 स्टीलचा, दुहेरी भिंत, मधे ऊब अडवायला ग्लासवूल (काचेची लोकर), खाली ओतीव जाळी आणि राखेचा खण. कंपनीच्या माहितीपत्रकातलं बाकीचं इथे उतरवत नाही. धुराड्याच्या पाइपासकट 6,800 ला पडला, टेम्पो आणि लाँचचं भाडं वेगळं.

लाँच म्हटलं, कारण आमचं घर शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पलीकडच्या काठावर आहे. कोयनेच्या ज्या पाण्यावर 1,960 मेगावॅटचा प्रकल्प उभा आहे, त्याच पाण्याच्या काठाला आमच्या वस्तीवर विजेची तार नाही. असो. छपरावर 300 वॅटचं पॅनेल आहे, त्यावर दिवे, मोबाईल आणि एक छोटा पंखा चालतो. 2,000 वॅटच्या गिझरचं नाव काढायचं कारण नाही. सौर बंबाचा सल्ला देणाऱ्यांनी एकदा आषाढात इकडे यावं, ऊन कुठल्या दिशेला असतं ते आम्हालाच आठवत नाही. जंगलातून लाकूड आणायला व्याघ्र प्रकल्पामुळे बंदी आहे आणि ती बरोबरच आहे. म्हणजे स्वतःच्या बांधावरची छाटणी, वाळक्या फांद्या आणि शेणी, एवढ्यात वर्ष काढायचं. मला काटकसरी म्हणा नाहीतर चिक्कू, पण इथे लाकडाची ढलपीसुद्धा मोजून लागते.

आधी परसात तीन दगडांचं चुलवण होतं, त्यावर हंडा. 25 लिटर पाणी चांगलं कढत करायला तिथे अडीच किलो सुकं लाकूड जायचं. लटकवायच्या डिजिटल काट्यावर वजन करून बघितलंय, अंदाजाने बोलत नाही. नव्या बंबात तेवढंच पाणी तेवढंच कढत व्हायला किलोच्या आत भागतं. हिशोबही जुळतो. 25 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 वर न्यायला साधारण 4.2 मेगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे विजेची जवळजवळ 1.2 युनिट धरा. सुक्या लाकडाच्या किलोत 15 ते 16 मेगाज्यूल असतात. चुलवणावर त्यातला नववा-दहावा हिस्सा पाण्याला मिळायचा आणि बाकीचा परसातल्या हवेला. बंबात तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मिळतो. माहितीपत्रकात ‘80 टक्के बचत’ छापलंय तेवढी नाही, पण साठ टक्के आहे, आणि साठ टक्के कमी नाहीत.

‘तांब्याचा बंब लवकर तापतो’ हे ऐकून ऐकून कान किटले होते. शेजारच्या आत्यांकडे जुना तांब्याचा आहे, तिथेही लाकूड मोजलं. फारसा फरक पडला नाही. तांबं अशा स्टीलच्या वीस-पंचवीसपट उष्णतावाहक असलं तरी अडचण धातूत नसते. जाळाची ऊब मधल्या, पाण्यातून वर जाणाऱ्या धुराच्या नळीच्या भिंतीला लागेपर्यंतच खरी गळती होते. ती भिंत जेवढी लांब आणि जेवढी स्वच्छ, तेवढं पाणी लवकर तापतं. आत्यांच्या बंबाचा फायदा वेगळाच निघाला, तो पुढे येईल.

आता तोटी. ती जमिनीपासून जेमतेम एक वीत उंचीवर आहे आणि घरातली कुठलीच बादली वितीत मावत नाही. तांब्या आडवा धरला तर जातो. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, “साहेब, स्टँड वेगळं मिळतं, 950 रुपये.” म्हणजे तोटी खाली लावायची आणि मग ती वर उचलायचे पैसे घ्यायचे! 950 रुपयांत माणूस काय काय करू शकतो याची यादी मी त्याला ऐकवली. स्टँड घेतलं नाही. जांभ्याचे चार चिरे पडून होते, त्यावर बंब चढवला.

बंब चिऱ्यांवर चढला तशी वरची पाणी ओतायची जागा आईच्या डोक्याच्या वर गेली. तिला कळशी उचलून ओतता येईना, म्हणजे ते काम माझ्याकडे आलं. धुराड्यासाठी भिंतीत पाडलेलं भोक आता खाली पडलं, म्हणून पाइपाला एक एल्बो जोडावा लागला. सरळ पाइपात धूर वर ओढला जातो, वळणावर त्याचा वेग मंदावतो आणि पाइप गार असेल तर तिथेच डांबरासारखा काळा चीक धरतो. जुलैत तो एल्बो एवढा भरला की धूर उलटा न्हाणीत आला. 1980 च्या दशकात आमच्या भागात सरकारी निर्धूर चुली बसवल्या होत्या. त्यांचे पाइप काजळीने बुजले आणि लोकांनी त्या फोडून टाकल्या. आईने तो इतिहास मला त्या दिवशी डोळे पुसत पुसत सांगितला. हे सगळं एका तोटीमुळे.

चिरे आणि एल्बोबद्दलचा हा मजकूर मी गणपतीच्या सुमारास लिहून ठेवला होता आणि तेव्हा मत होतं की पैसे वाया गेले. ते आता बदललंय. त्याचं पहिलं कारण म्हणजे धुराड्याचा पाइप. तो न्हाणीतून बाहेर जायच्या आधी मधल्या खोलीच्या भिंतीलगत चारेक फूट चालतो. आम्ही त्याच्याभोवती हातभर अंतर सोडून तारा बांधल्या. भर पावसात कपडे वाळले! आमच्याकडे पावसाळ्यात कपडे चार-चार दिवस आंबतात, अंगात घातले तरी वास जात नाही. सकाळी आंघोळीचं पाणी तापेपर्यंत मोजे आणि पोरांचे शाळेचे गणवेश कोरडे व्हायचे. खोलीतली ओलही तुटली, धान्याच्या पोत्यांना बुरशी आली नाही. हे माहितीपत्रकात कुठेच नाही. बायको म्हणते बंब कपड्यांसाठी घेतला आणि पाणी वरकड मिळतं. मात्र पाइप घरातून फिरवणार असाल तर खिडकीची एक फट कायम उघडी ठेवा आणि सांध्यांवरून हात फिरवून धूर झिरपत नाही ना ते बघत जा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

दुसरं कारण सुकं जळण. जूनमध्ये ओलसर लाकूड घातलं तर दीड किलो लागायचं आणि चीकही त्याचाच. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं, म्हणजे आधी त्या पाण्याची वाफ करा आणि मग आपलं पाणी तापवा. आता पुढच्या दिवसाचं जळण आदल्या दिवशी बंबाजवळच्या फळीवर ठेवतो आणि मनगटापेक्षा जाड काही घालत नाही, चिरफळ्या करूनच घालतो. भात्यासारखा जाळ लागतो, फुंकणी खुंटीला टांगूनच आहे. शेणी मात्र या बंबात घालू नका, राखेने जाळी बुजते. ऐन आणि जांभूळ उत्तम. काजूबियांची टरफलं भडकतात खरी, पण त्यांच्या तेलाच्या धुराने डोळे चुरचुरतात.

थंडीत सगळं सुरळीत होतं. मग पाहुणे आले. शेवटी आंघोळीला गेलेल्या भाच्याने तोटीतून होतं नव्हतं ते पाणी काढून घेतलं, खाली इंगळ फुललेले. तोटी अगदी तळाशी असल्यामुळे बंब पूर्ण रिकामा होऊ शकतो हे तेव्हा कळलं. आतलं वॉशर वितळलं, तोटी ठिबकायला लागली, ती घट्ट करायला गेल्यावर मान तुटली. नळाच्या दुकानातली दुसरी लावावी, तर आटे अर्धा इंचाचेही नाहीत आणि पाऊण इंचाचेही नाहीत, कंपनीचे स्वतःचे. नवी तोटी 450 रुपये अधिक कुरिअर, आणि कुरिअर आमच्याकडे येत नाही. दुकानदार म्हणाला, “रिकामा तापवलाय, वॉरंटीत बसत नाही.” मी विचारलं, रिकामा होईल अशा जागी तोटी लावली कुणी? “साहेब, सगळ्या बंबांना तिथेच असते.”

नसते! वाईच्या बाजारात भांड्यांना डाख देणारे, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधे जोडणारे, एक म्हातारे बसतात, त्यांना तुटलेली तोटी दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, “बंबाला खाली तोटी पायजेच कशाला?” मग आत्यांचा बंब डोळ्यांसमोर आला. त्याला खाली तोटी नाहीच. वरच्या नरसाळ्यात गार पाण्याचा तांब्या ओतायचा, ते नळीने थेट तळाला जातं, आणि वरच्या चोचीतून कढत पाण्याचा तांब्या बाहेर पडतो. गरम पाणी हलकं म्हणून ते वरच राहतं. घातल्याशिवाय निघत नाही, म्हणून बंब कधी रिकामा होत नाही आणि डाख वितळत नाही. चोच कायम उघडी, त्यामुळे वाफ कोंडायचा प्रश्न नाही. तोटी लावून हे सगळं घालवलं आणि त्याचे वर पैसे घेतले.

मेढ्याला एका फॅब्रिकेशनवाल्याकडून आर्गन वेल्डिंगने वर चोच आणि नरसाळ्याखाली तळापर्यंत नळी बसवून घेतली. 600 रुपये, म्हणजे स्टँडपेक्षा स्वस्त. खालच्या भोकाला आट्यांसकट बूच मारलं, महिन्यातून एकदा गाळ काढायला ते उघडतो. चोचीला झडप किंवा नळ लावायचा मोह कुणाला झाला तर तो आवरावा, बंद बंब फुटतो. चोच उंचावर असल्याने बंब पुन्हा जमिनीवर आला, एल्बो निघाला, धुराडं सरळ झालं, आईचा हात नरसाळ्याला पोचतो. तोटा एकच, एक कळशी पाणी हवं तर आधी एक कळशी ओतावी लागते, आणि सकाळी घाईत पोरं कुरकुरतात. आणि हो, वॉरंटी आता औपचारिकरीत्याही गेली.

ज्यांच्या दारात रस्ता आहे आणि सिलिंडर घरपोच येतो, त्यांनी हा बंब जळणाच्या बचतीसाठी घेऊ नये. 25 लिटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो. सिलिंडर 900 ला धरला तरी दिवसाला नऊ-दहा रुपयांचा हिशोब आहे, आणि लाकूड फोडायची मजुरी त्याहून जास्त पडते. ज्यांना बांधावरचं जळण फुकट आहे, सिलिंडर डोक्यावरून आणावा लागतो आणि पावसाळ्यात घर ओलं राहतं, त्यांनी जरूर घ्यावा. फक्त दुकानात जाताना घरची बादली सोबत न्या, तोटीखाली ठेवून बघा, आणि आटे अर्ध्या इंचाचे आहेत का ते तिथेच नळ लावून तपासा. दुकानदार हसेल, हसू द्या.