दीडशे रुपयांचं घड्याळ: डीएस३२३१ मॉड्यूल, आठ महिने वापरल्यानंतर

निफाडजवळ आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. बागेत पत्र्याच्या डब्यात एक जुना रास्पबेरी पाय ३ (तळहाताएवढा कॉम्प्युटर) बसवलाय. तो दर पाच मिनिटांनी तापमान आणि मातीतला ओलावा लिहून ठेवतो. थंडीत पहाटे पारा उतरला की शेकोट्या पेटवायच्या, ठिबक सोडायचं, त्यासाठी ही नोंद लागते. जानेवारीत आण्णांनी माझा तक्ता बघितला आणि म्हणाले, "पहाटे सहाला सत्तावीस अंश? निफाडात? तुझं मशीन झोपेत बडबडतंय."

मशीनचा दोष नव्हता. या पायमध्ये घड्याळाची बॅटरीच नसते. रात्री नऊला लाईट गेली, पहाटे चारला आली, आणि पाय उठला तो नऊच वाजलेत असं समजून. शेवटची जपून ठेवलेली वेळ घेऊन तो पुढे चालू लागतो. इंटरनेट असेल तर चूक लगेच सुधारते, पण आमच्या डोंगलला रेंज दुपारनंतर सुचते. म्हणजे दुपारी एकचं ऊन पहाटे सहाच्या खात्यात.

पुण्याला गेलो तेव्हा पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानातून हे डीएस३२३१ मॉड्यूल, म्हणजे लाईट गेली तरी सेलवर चालत राहणारं घड्याळ, घेतलं, सेलसकट दीडशे रुपये. सेल मेलेलाच निघाला. दुकानदार म्हणाला, "सेल फ्री होता ना दादा." किराणा दुकानातून नवा सीआर२०३२ आणला.

जोडायला चार वायरी: ३.३ व्होल्ट, ग्राउंड, आणि चिपशी बोलायच्या दोन, एसडीए व एससीएल. पाच व्होल्टला मुळीच लावू नका. एक तर पायच्या पिनांना ते सोसत नाही. दुसरं, या निळ्या बोर्डवर चार्जिंगची सोय आहे, रिचार्जेबल सेलसाठी. पाच व्होल्टवर ती साध्या सीआर२०३२ लाही चार्ज करू बघते आणि सेल फुगतो. आर्डुइनो या दुसऱ्या छोट्या बोर्डवर पाच व्होल्टला लावणारे काचेच्या डायोडशेजारचा '२०१' लिहिलेला रेझिस्टर काढून टाकतात. ३.३ वर ती भानगड उरत नाही.

आयटूसी (त्या दोन वायरींवरून बोलायची पद्धत) चालू करून तपासलं तर ६८ आणि ५७ असे दोन पत्ते दिसले. ५७ म्हणजे बोर्डवरची छोटी मेमरी, तिच्याकडे दुर्लक्ष केलं. कॉन्फिग फाईलमध्ये एक ओळ टाकून रीबूट केल्यावर ६८ च्या जागी 'यूयू' आलं, म्हणजे चिप कर्नलने (सिस्टिमच्या गाभ्याने) ताब्यात घेतली. शेवटची वेळ जपून ठेवणारं जुनं 'फेक एचडब्ल्यूक्लॉक' पॅकेज काढायला विसरू नका. मी विसरलो आणि एक संध्याकाळ घालवली.

सोबत क्रॉनी (इंटरनेटवरून वेळ जुळवणारं सॉफ्टवेअर) टाकलंय, वेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या सर्व्हरवरून. रेंज आली की ते सिस्टिमची वेळ हळूहळू सरकवून जुळवतं आणि मॉड्यूललाही तीच वेळ मिळते. रेंज नसेल तेव्हा मॉड्यूल एकटं सांभाळतं. मुद्दाम चाळीस दिवस डोंगल काढून ठेवला, तर फरक पडला पाच सेकंदांचा. डब्यात दुपारी हात भाजतो, तरीही. चिपमध्ये स्वतःचं थर्मामीटर आहे, गरम-थंड बघून ती आपली चाल सुधारते. ते तापमान आपल्यालाही वाचता येतं, पाव अंशाच्या टप्प्याने. डबा किती तापला हे मला फुकटात कळतं.

एक तारा कापतोय तो चिपवरून. मी एसएन प्रकारची मागितली होती, दोन पीपीएमवाली (दहा लाख सेकंदांत दोनची चूक), म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त मिनिटभराचा फरक. घरी येऊन भिंग लावलं तर शेवटी 'एम' निघाला, तो पाच पीपीएमवाला. बागेला तेवढं पुरतं. पण पैसे एसएनचे घेतले होते.

पाय ५ मध्ये घड्याळ आतच असतं, सेल तेवढा वेगळा घ्यावा लागतो. पण पत्र्याच्या डब्यात ठेवायला तो कोण घेतो? परवा रात्री पुन्हा सात तास लाईट नव्हती. सकाळी आण्णांनी तक्ता उघडला, पहाटे सहाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि काही न बोलता चहा घ्यायला गेले.