मुंबईत भाडं जास्त देताय का? नोंदणी विभागाच्या मोफत ई-सर्च सेवेचा आढावा

करार संपत आला की घरमालक सांगतो, "बिल्डिंगमध्ये आता एवढंच चाललंय." एजंट मान डोलावतो. घरं दाखवणारी संकेतस्थळं उघडावीत तर तिथेही तोच आकडा दिसतो, कधी त्याहून मोठा. भाडेकरूला वाटतं, तीन ठिकाणी एकच आकडा म्हणजे तो खरा असणार. पण हे तिन्ही आकडे मागणीचे आहेत. घासाघीस होऊन व्यवहार शेवटी कितीला ठरला, ते त्यांतला एकही सांगत नाही.

ठरलेलं भाडं समजण्याची जागा सरकारी आहे आणि फुकट आहे. महाराष्ट्र शासनाच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची मोफत सेवा मिळते. तिथे नोंदणी झालेल्या दस्ताची 'सूची क्रमांक २', म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली इंडेक्स टू, कोणालाही पाहता येते. घर विकत घेणारे मालकीची साखळी तपासायला ती वापरतात. भाडेकरूंपैकी फार थोड्यांना ती माहीत आहे, आणि ही खरोखर वाईट गोष्ट आहे, कारण महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी परवान्याने घर वापरायला देण्याचा, प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची असते. 'अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' हा समज इथे चुकीचा आहे. म्हणजे शेजारच्या फ्लॅटचं भाडं सरकारदरबारी लिहिलेलं असण्याची शक्यता चांगली आहे, फक्त ते शोधता आलं पाहिजे.

शोधणं सोपं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. संकेतस्थळ जुन्या वळणाचं आहे, दिवसा फार रखडतं आणि मोबाइलवर त्याच्याशी झगडण्यात अर्थ नाही. संगणकावर, रात्री उशिरा किंवा पहाटे बसावं. सुरुवातीला मुंबई, उर्वरित महाराष्ट्र आणि नागरी क्षेत्रे असे भाग दिसतात. शहर आणि उपनगर या दोन्ही जिल्ह्यांसाठी 'मुंबई' निवडायचं. ठाणे किंवा नवी मुंबईतलं घर असेल तर 'उर्वरित महाराष्ट्र'मध्ये जाऊन जिल्हा, तालुका, गाव असं उतरायचं. मग वर्ष, जिल्हा, गावाचं नाव, मिळकत क्रमांक आणि कॅप्चा. पहिल्यांदा कॅप्चा भरून शोध दाबला की बरेचदा काहीच येत नाही, नुसता कॅप्चा बदलतो. नवा कॅप्चा भरून पुन्हा दाबलं की यादी उतरते. इथेच कंटाळून 'माहिती उपलब्ध नाही' असं समजणारे खूप असतात.

पण बहुतेकांचं घोडं अडतं ते गाव आणि मिळकत क्रमांकापाशी. इथे लागतं ते महसुली गाव. टपालाचा पत्ता किंवा स्टेशनचं नाव चालत नाही. अंधेरी पश्चिमेतली इमारत कागदावर ओशिवरा, आंबिवली किंवा वर्सोवा या गावात असू शकते. पवईत राहणाऱ्याची इमारत तिरंदाज किंवा कोपरी गावात निघते. दादर, परळ, माहीम अशा बेटावरच्या शहरात गावाऐवजी 'डिव्हिजन' असते आणि क्रमांक सी. एस. नंबर असतो, उपनगरात सी. टी. एस. नंबर. दोन्ही म्हणजे जमिनीच्या सरकारी मोजणीत त्या भूखंडाला दिलेला क्रमांक. या दोन्ही गोष्टी तुमच्या स्वतःच्या करारातच सापडतात. शेवटाकडे मिळकतीचं परिशिष्ट असतं, त्यात गाव आणि क्रमांक लिहिलेला असतो. तिथे अर्धवट लिहिलं असेल तर सोसायटीच्या कार्यालयात विचारा, त्यांच्याकडच्या मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) तो असतोच.

मिळकत क्रमांकाच्या चौकटीत फ्लॅट नंबर टाकला तर त्या गावातले त्या नंबरचे सगळे फ्लॅट समोर येतात आणि आपली इमारत त्या गर्दीत हरवते. सी. टी. एस. नंबर टाकावा, म्हणजे त्या भूखंडावरचे दस्त एकत्र मिळतात. नंबरला पोटविभाग असतील, म्हणजे तिरकी रेघ देऊन अ, ब किंवा १, २ असं काही, तर आधी फक्त मूळ आकडा टाकून पाहावा. दस्त नोंदवणाऱ्या प्रत्येकाने तो वेगळ्या पद्धतीने लिहिलेला असतो. एकाच क्रमांकावर मोठं संकुल उभं असेल तर पानामागून पानं येतील. त्यात करारनामे, गहाणखतं, बक्षीसपत्रं सगळं मिसळलेलं असतं. दस्ताच्या प्रकारात '३६-अ' आणि लिव्ह अँड लायसन्स दिसेल तेवढ्याच ओळी उघडायच्या. वर्ष एकेक करूनच शोधावं लागतं. चालू वर्ष आणि मागची दोन पुरेशी आहेत, त्याआधीचं भाडं आज वाटाघाटीत उपयोगाचं नाही. इंडेक्स टू नव्या खिडकीत उघडते. ब्राउझरने पॉपअप अडवला असेल तर बटण दाबून काहीच घडत नाही.

सूची हातात आली की घाई करू नये. मोबदल्याच्या रकान्यात भाडं असतं, पण लिहिण्याची पद्धत एकसारखी नाही. काही ठिकाणी वाढीव भाड्याची सरासरी असते, काही ठिकाणी अनामत आणि भाड्याचा तपशील मिळकतीच्या वर्णनात जातो. आकडा खरंच महिन्याचा आहे का, हे ताडून पाहायला त्याच कागदावरचं मुद्रांक शुल्क वापरता येतं. मुदतीतलं एकूण भाडं, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने मुदतभराचं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के शुल्क लागतं. समजा २४ महिने, भाडं ४०,००० आणि अनामत २,००,०००. भाडं झालं ९,६०,०००, अनामतीवरचं व्याज ४०,०००, बेरीज १०,००,०००, शुल्क २,५००. सूचीवर शुल्क याच्या आसपास असेल तर आकडे बरोबर वाचले. मुदत लिहिलेली नसेल तर ११, २४, ३६ आणि ६० महिने धरून गणित करून पाहावं, एक बहुधा जुळतं.

आता तुलना. भाड्याला भाडं लावलं तर हमखास फसगत होते, कारण मुंबईत अनामतीचा खेळ मोठा आहे. अनामत भाड्यात रूपांतरित करून घ्यावी. मुदत ठेवीवर ७ टक्के धरले तर प्रत्येक लाखामागे महिन्याला साधारण ५८३ रुपये. समजा तुम्ही ५२,००० भाडं आणि २ लाख अनामत देता, तर तुमचा खरा खर्च ५३,१६७. त्याच आकाराच्या खालच्या फ्लॅटचं भाडं ४६,००० आणि अनामत ५ लाख, तर त्यांचा ४८,९१७. वरवर ६,००० वाटणारा फरक खरा ४,२५० आहे. मालकासमोर ६,००० म्हणून बसलात तर तो अनामत दाखवून तुमचा मुद्दा एका मिनिटात निकालात काढेल.

क्षेत्रफळातही असंच आहे. एका सूचीत कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्र), दुसरीत बिल्टअप (भिंती धरून), एकीत चौरस फूट आणि दुसरीत चौरस मीटर. चौरस मीटरला १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट होतात. कार्पेटची बिल्टअपशी मात्र तुलना करू नये, तुमच्यापेक्षा वेगळ्या प्रकारचं क्षेत्रफळ दिलेली नोंद बाजूला ठेवावी. देखभाल खर्च भाड्यात धरलाय की वेगळा, पार्किंग आहे की नाही, फर्निचर आहे की नाही, हे सूची सांगत नाही. ते वॉचमनला किंवा जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्याला सहज विचारता येतं.

आणि काही नोंदी सरळ टाकून द्याव्यात. हेवी डिपॉझिटवर, म्हणजे भाड्याऐवजी मोठी अनामत घेऊन, दिलेल्या घराचं भाडं कागदावर नगण्य असतं. काही मालक भाडं दोन करारांत विभागतात: एक घराचा आणि एक फर्निचर व सुविधांचा. त्यातला दुसरा नोंदलेलाच नसतो, त्यामुळे सूचीवरचं भाडं फसवं कमी दिसतं. काही ठिकाणी उरलेली रक्कम रोख दिली जाते. म्हणून एकाच अतिस्वस्त नोंदीवर मदार ठेवू नका. निदान चार-पाच नोंदी एका पट्ट्यात येत असतील आणि तुमचं भाडं त्या पट्ट्याच्या वर असेल, तरच तुम्ही जास्त देताय असं म्हणता येतं. सेवेची सगळ्यात मोठी मर्यादा हीच: ती कागदावरचं भाडं दाखवते, आणि कागद सगळीकडे प्रामाणिक नसतो. तरीही पोर्टलवरच्या 'अंदाजित भाड्या'पेक्षा ही माहिती कितीतरी भक्कम आहे.

एक विनंती कळकळीची आहे. इंडेक्स टूवर शेजाऱ्यांची नावं आणि पत्ते असतात. ते पान जसंच्या तसं मालकाला किंवा सोसायटीच्या ग्रुपवर पाठवू नका. मजला, क्षेत्रफळ, करार केव्हाचा, भाडं आणि अनामत एवढ्याच गोष्टींचा तक्ता स्वतः बनवा. बोलणीसाठी तेवढा पुरतो, आणि शेजाऱ्याशी संबंधही बिघडत नाहीत.

बोलणी मुदत संपण्याच्या दोन महिने आधी सुरू करावीत. शेवटच्या आठवड्यात तुमच्याकडे दुसरं घर नसतं आणि मालकाला ते माहीत असतं. इथे एक कायदेशीर गैरसमज वारंवार आड येतो. भाडे नियंत्रण कायद्यातली वर्षाला ४ टक्के वाढीची मर्यादा कलम ११ मधली आहे आणि ती जुन्या, संरक्षित भाडेकरूंसाठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला ती लागू नाही. तो मुद्दा काढलात तर मालक दुखावेल आणि हाती काही लागणार नाही. उलट कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट भाड्याइतकी भरपाई द्यावी लागू शकते, म्हणून करार संपल्यावर 'बघू' म्हणत राहू नये.

घर बदलण्याचा हिशेबही आधी मांडून ठेवा. वरच्याच उदाहरणात ४८,००० दलाली आणि १५,००० सामानाची ने-आण धरली तर ६३,००० होतात. महिन्याला ४,२५० वाचवून ते भरून यायला जवळपास १५ महिने लागतील. अकरा महिन्यांचाच करार मिळणार असेल तर घर बदलणं तोट्याचं आहे, आणि त्याच घरात २,५०० कमी करून घेणंही चांगला सौदा ठरतो. मालकाचंही गणित असतं: फ्लॅट महिनाभर रिकामा राहिला तर त्याचे ५२,००० जातात. तुम्ही मागितलेल्या २,५०० च्या सवलतीचे वीसहून जास्त महिने त्यात बसतात. मालक भाडं कमी करायला तयार नसेल तर वाढ गोठवणं, अनामत कमी करणं किंवा देखभाल खर्च त्याने भरणं, यांतलं काहीतरी मागावं. वयस्कर मालक बरेचदा भाड्याचा आकडा खाली आणत नाहीत, पण देखभाल खर्च आनंदाने स्वीकारतात.

काही ठरलं की ते नव्या करारात आलंच पाहिजे. ऑनलाइन नोंदणीत अंगठा देण्याआधी मसुदा मागून घ्या आणि भाडं, अनामत, मुदत आणि दरवर्षीची वाढ या चार जागा स्वतः वाचा. एजंट मागच्या वर्षीचा मसुदा उघडून फक्त तारखा बदलतात, असं सर्रास होतं. नोंदणी झाल्यावर दस्त क्रमांक लिहून ठेवा. ई-सर्चमध्ये दस्त क्रमांकावरूनही शोध घेता येतो, फक्त तिथे दस्ताच्या प्रकारात 'ई-रजिस्ट्रेशन' निवडायला विसरू नका, नाहीतर नोंदलेला करारही सापडत नाही.